आवाज अजिबात चढवला नाही

मंगळवार, रात्री साडेअकरा

ऑक्टोबरचा उकाडा अजून जात नाही. तालमीच्या खोलीतला कूलर नुसता घरघरत होता, वारा कोणालाच लागत नव्हता. सरांच्या कादंबरीवरून मी लिहीत असलेल्या नाटकाचा पहिला अंक वाचून संपवला. बबलूने जांभई दिली. वहिनी म्हणाल्या, "छान आहे." (विनोदी नाटक ऐकून कोणी 'छान आहे' म्हटलं की समजून जावं, पिशवी उचलावी आणि बर्डीवरून ऑटो धरावा.) तेवढ्यात मागून फुस्सकन हसू आलं. गज्जू. लाइटचं बघायला आलेला, काम नव्हतं म्हणून माझ्या पिशवीतलं पुस्तक काढून बसलेला. सरांची तीच कादंबरी.

"काऊन हसून राहिला बे?"

"हा कूलरवाला माणूस भारी आहे, भाऊ. यालेच घ्या ना नाटकात."

त्यालाच घेतलंय. मघापासून सगळे त्यालाच ऐकत होते.

जेवण गेलं नाही. तेच पान काढून बसलो. माळ्यावरून कूलर उतरवायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप चालत नाही म्हणून मामांशी वाजतं. आणि सर लिहितात: 'मी आवाज अजिबात चढवला नाही. तेवढ्यात शेजारचे आले, खालचे आले, आणि रस्त्यावरून जाणारा आइसफ्रूटवाला थांबला.' बस, एवढंच. किती ओरडला, काय ओरडला, काही नाही. ते गज्जूने मनात ऐकलं आणि हसला. मी मात्र बबलूला खरोखर ओरडायला लावलंय, दीड पान. प्रेक्षकाने पकडावी अशी लबाडी ठेवलीच नाही. इतके महिने मी काय केलं, तर एका माणसाचं हसू काढून आठ पात्रांत वाटलं आणि कोणालाच पुरलं नाही.

नाव सरांचं, हसू सरांचं, जांभई तेवढी माझी. आणि सर असते तर... जाऊ दे.

चि. वि. जोशींचा चिमणरावही 'मी' म्हणूनच बोलतो. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हा भोळसट 'मी' उभा केला आणि तो पार पडद्यापर्यंत गेला. मास्टर विनायकांच्या 'सरकारी पाहुणे'त (१९४२) दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर, शेजारी गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे. प्रभावळकरांनी पुस्तकातली निम्मी वाक्यं तर नुसत्या चेहऱ्यावर घेतली. फजिती झालीय आणि ती आपलीच आहे हे त्या चेहऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं. आता पुस्तक उघडलं तरी मला आवाज प्रभावळकरांचाच येतो. म्हणजे होतं, करता येतं. पुलंना हा घोरच नव्हता, 'बटाट्याची चाळ' लिहिणाराच एकटा रंगमंचावर उभा. मी उभा राहिलो तर अप्पा तिकिटाचे पैसे परत मागतील.

निवेदक टाकून बघितला होता. नंदू म्हणाला, निवेदक आला की लोक मोबाइल काढतात. सिनेमात बरं असतं, वरून आवाज येतो 'मी शांत होतो' आणि खाली हा ताटी फेकून मारतोय. पण तेही एकदा-दोनदा. तिसऱ्यांदा युक्ती दिसायला लागते.

संध्याकाळी मुंबईच्या त्या मालिकावाल्यांचाही फोन झाला. "पहिल्या भागात मामांचं लग्न ठरवता येईल का?" म्हटलं, मामा तिसऱ्या प्रकरणात वारतात. पलीकडे जरा विचार झाला. "मग चौथ्या भागापर्यंत जिवंत ठेवू." फोन ठेवल्यावर आज पहिल्यांदा हसलो. आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर आहेत. सरांच्या कादंबरीला कथानक म्हणून नाहीच, प्रकरणागणिक एक फजिती आहे. दर आठवड्याला एक फजिती दाखवली तर चालून जाईल. दोन अंकांचं नाटक मात्र मध्यंतराला काहीतरी मागतं, आणि सरांनी मध्यंतरासाठी काहीच लिहून ठेवलेलं नाही.

आत्ता पाणी प्यायला उठलो तेव्हा एक सुचलं. भांडण दाखवायचंच नाही. पडदा उघडतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं. आइसफ्रूटवाला दारात, ताटी जमिनीवर, मामा पाठ करून बसलेले. हा बायकोला सांगतोय, "मी आवाज अजिबात चढवला नाही." पण घसा पार बसलेला, शब्द फुटत नाही. मोठ्याने म्हणून पाहिलं. आतून ही म्हणाली, "आता कोणाशी भांडून राहिले?"

दीड पान गेलं. संहिता परवानगीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे जायच्या आत सुचलं हे बरं. सायंटिफिक सभागृहात नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत परीक्षक हसतील न हसतील. आधी बबलूचं बघायला हवं. सगळ्या नाटकात त्याला आठ वाक्यं, त्यातली सहा त्या भांडणात. वहिनींनाच सांगायला लावतो. त्या 'छान आहे' म्हणून सुरुवात करतील.