आमची वाटचाल : पुलाखालची सरळ रेघ

बेलापूरच्या एका गाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी बोटीतून पाण्याची खोली मोजायच्या सर्व्हेची सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड नुकतीच, मे २००० मध्ये, काढली होती. शंभर मीटरची चूक दहा-पंधरावर आली आणि जो तो सर्व्हेवाला झाला. त्यानंतरची बरीच वर्षं कामं मिळत गेली, पगार होत गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते वाशीच्या पुलाजवळच्या सर्व्हेबद्दल. आमच्याच रनलाइन (बोट खोली मोजत जाते त्या ठरलेल्या रेघा) एका बड्या कंपनीने परत मारल्या. (नाव घेत नाही, धंद्यातल्यांना ठाऊक आहे.) चॅनलच्या (बोटींच्या खोल वाटेच्या) उतारावर त्यांची आणि आमची खोली जुळेना. त्यांचा ट्रॅक, म्हणजे बोट गेली ती रेघ, फुटपट्टीने ओढल्यासारखा, आमचा पुलाखाली तुटलेला. काम देणाऱ्या साहेबांनी तेवढंच पाहिलं आणि बिल अडकवलं. त्याच सुमारास भागीदारही तिकडे गेला, आमचे सगळे रेट डोक्यात घेऊन. दोन दिवाळ्या पोरांना बोनस देता आला नाही.

अहो, पुलाखाली आरटीके (सेंटिमीटरपर्यंत जागा देणारं जीपीएस) तुटणारच! डोक्यावर काँक्रीट असताना उपग्रह दिसणार कुठून? आमच्या लॉगमध्ये जीजीए ओळीतला (जीपीएसने दिलेल्या जागेच्या नोंदीतला) क्वालिटीचा आकडा ४ (पक्का फिक्स) वरून ५ (कच्चा फ्लोट), मग १ (साधं जीपीएस), मग ० (जागाच नाही) झालेला, आणि पलीकडे निघाल्यावर जरा वेळाने पुन्हा ४. त्यांच्या फाइलमध्ये नुसते एक्स, वाय आणि खोली. कच्चा लॉग मागितला तर म्हणे, ‘ठेवत नाही.’

उरणचे एक ड्रेजिंगवाले शेठ तेवढे पाठीशी राहिले. बोट त्यांची, डिझेल त्यांचं. म्हणाले, “पुन्हा मारा, पैशाचं नंतर बघू.” उतारावर एकच लाइन दोन्ही दिशांनी मारली, उतार एकावर एक बसला. मग त्या बड्या कंपनीची फाइल उघडली. शेजारशेजारच्या येत्या-जात्या लाइनींवर उताराची कड चार-चार मीटर मागेपुढे! चार नॉटला बोट सेकंदाला दोन मीटर जाते. म्हणजे जीपीएस आणि इको साउंडरच्या (आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) वेळेत सेकंदाचा फरक : जाताना दोन मीटर, येताना दोन. एस-४४ च्या (खोलीच्या सर्व्हेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या) स्पेशल ऑर्डर या कडक वर्गाला आडवी मुभाच मुळात दोन मीटरची.

नव्या पोरांना सांगतो, एचडीओपी (उपग्रहांची मांडणी किती चांगली, याचा आकडा) चांगला दिसला म्हणून हुरळू नका. अँटेना ट्रान्सड्यूसरच्या (इको साउंडरच्या पाण्यातल्या भागाच्या) पोलवरच, बरोबर वर लावा. जेट्टीवरच्या माहीत असलेल्या पॉइंटला सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर बोट टेकवून आकडे ताडून बघा. क्रेनच्या शेजारी आलेला फिक्स खरा मानू नका. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य तापट असेल (सौर हालचाल जास्त असेल), तर दिवस मावळल्यावर लाइन मारायचा हट्ट नको. सिग्नल विस्कटतो, फ्लोटमध्येच रात्र जाईल. आणि कच्चा लॉग कधीही पुसू नका, डिस्क स्वस्त झाल्यात.

बिल शेवटी निघालं. रिटेन्शनचे (हमी म्हणून राखून ठेवलेले) पैसे मात्र अजून यायचेत, आणि त्या कंपनीच्या माहितीपत्रकावर पुलाखालून सरळ गेलेला तोच ट्रॅक अजून छापतात.