टर्बोच्या दाबाखाली कार्ब्युरेटर: मिशिगनमधील एक हिवाळा

कोल्हापुरात वडिलांच्या गॅरेजमध्ये प्रीमियर पद्मिनीचे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे यंत्र) पेट्रोलने धुऊन, जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात) फुंकर मारून साफ करण्यात माझ्या शाळेच्या अनेक सुट्ट्या गेल्या. त्यामुळे येथील, म्हणजे अमेरिकेतील मिशिगनमधील, आमचे शेजारी आपल्या १९८२ च्या डॅटसन २८० झेडएक्स टर्बोमधील फ्यूएल इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) काढून त्याच कंपनीच्या जुन्या २४० झेड गाडीचे दोन कार्ब्युरेटर बसवणार आहेत असे कळल्यावर मी मोठ्या उत्साहाने मदतीला गेलो. चाळीस वर्षांच्या उष्णतेने इंजेक्शनची वायरिंग कडक होऊन तुटू लागली होती. ही गाडी ते आता केवळ बंद ट्रॅकवर चालवतात. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची धूरतपासणी होत नसली, तरी रस्त्यावरील गाडीतून प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे.

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) आणि कार्ब्युरेटर यांची सांगड नवी नाही. १९६२ मध्ये याच राज्यातील शेव्हरोले आणि ओल्ड्समोबाइल या कंपन्यांनी तशा गाड्या विकल्या. त्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी असे आणि टर्बो पेट्रोल मिसळलेली हवा ओढून घेई. ही मांडणी सोपी असली, तरी टर्बोपासून इंजिनापर्यंतची सगळी नळी ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेली राहते आणि थंडीत त्यातील पेट्रोल नळीच्या भिंतींवर साचते. म्हणून आम्ही दुसरी पद्धत निवडली, जी १९८० च्या लोटस एस्प्रिट टर्बोत होती: टर्बोने दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून इंजिनात सोडायची.

खरे काम येथे सुरू झाले. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटच्या वाटीवर (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भांड्यावर) बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि इंजिनाच्या ओढीमुळे पेट्रोल जेटमधून वर चढते. पण टर्बोने वरून अर्धा बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) दाब दिला आणि वाटीवर तो पोहोचला नाही, तर पेट्रोल जेटमधून येण्याऐवजी मागे ढकलले जाते. त्यासाठी दोन्ही वाट्यांच्या श्वासनळ्या दाबाच्या नळीला जोडाव्या लागल्या. मग पंपाचा प्रश्न उभा राहिला, कारण इंजेक्शनचा पंप सुमारे अडीच बार दाब देतो, तर कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास पुरतो, आणि तोही टर्बोच्या दाबापेक्षा सतत तेवढाच जास्त हवा. टर्बोचा दाब ओळखून पेट्रोलचा दाब त्याच प्रमाणात वाढवणारा रेग्युलेटर हाच मला या सगळ्या जोडणीचा प्राण वाटतो. तो चुकला तर भर वेगात मिश्रणात पेट्रोल कमी पडते, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते आणि पिस्टनला भोक पडू शकते. थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, दांड्यांनाही नवे सील लागले, अन्यथा दाबाखालचे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर फवारले गेले असते.

या गाडीचा मूळ संगणक इग्निशनचा टायमिंगही (स्पार्क नेमका कधी पडावा हे) ठरवतो. तो काढल्यावर दाब वाढताच स्पार्क थोडा उशिरा पाडणारी वेगळी व्यवस्था करावी लागली, आणि माझ्या मते कार्ब्युरेटरच्या मोहात पडणारे बहुतेक जण हाच खर्च मोजायला विसरतात.

एप्रिलमध्ये गाडी ट्रॅकवर गेली. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरवर पूर्ण दाबाला हवा-पेट्रोलाचे प्रमाण आधी १३.५ दिसले, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते, म्हणून आम्ही लगेच थांबलो. जेटमधून येणारे पेट्रोल ठरवणाऱ्या सुया बदलून ते १२ च्या खाली आणल्यानंतरच शेजाऱ्यांनी पुन्हा पूर्ण थ्रॉटल दिला. काढलेले सहाही इंजेक्टर आणि संगणक मी स्वतः पुसून, प्रत्येक जोडणीला चिठ्ठी लावून त्यांच्या फडताळात ठेवले आहेत.