हंसा वाडकर: न झाकता सांगितलेले आयुष्य

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा पडद्यावर संत सखू साकारलेल्या नटीने आपले मद्यपान, विस्कटलेला संसार आणि परपुरुषांशी आलेले संबंध असे उघड सांगावेत, हे अनेकांना रुचले नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणून ते मी नुकतेच पुन्हा वाचले आणि बाईंविषयीचा आदर दुणावला.

घरच्या गरजेपोटी त्या लहान वयातच चित्रपटात आल्या. मराठवाड्यातील एका घरात त्या कोंडल्यासारख्या राहिल्या, तो भाग वाचताना अंगावर काटा येतो. जिला पाहायला थिएटरे भरत, तिलाच तिथे उंबरठा ओलांडण्याची मोकळीक नव्हती. आणि हे सांगताना त्या ना गळा काढतात, ना स्वतःला निर्दोष ठरवतात. अरुण साधू यांनी शब्दांकनात हा बोलता सूर जपला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

आमच्या कॉलेज रोडच्या वाचनकट्ट्यावर आजही कोणीतरी म्हणतेच, की बाईमाणसाने इतके सांगायला नको होते. मला हे मुळीच पटत नाही. त्यांच्या कमाईवर जगलेल्या आणि त्यांच्या असहायतेचा फायदा घेतलेल्या पुरुषांना आपण जाब विचारत नाही, आणि जिने सारे सोसून नावानिशी सांगितले, तिच्याच मर्यादेची चर्चा करत बसतो.