युनिटच्या आधी कर्ब

शिकागोच्या एका उपनगरात दुकानांच्या ओळीवरची जुनी रूफटॉप युनिट्स, म्हणजे छतावरच्या एसीच्या पेट्या, बदलायचं काम यंदा थंडी पडायच्या आधी आमच्याकडे आलं आणि साइट माझ्याकडे सोपवली गेली. क्रेन युनिट उचलून छतावर ठेवते ते बघायला गर्दी जमते, पण काम चांगलं झालं की नाही हे क्रेन यायच्या आधीच ठरलेलं असतं. ते ठरतं कर्बवर.

पुण्यात मी डक्टेबल एसीची कामं केली आहेत. तिथे बाहेरचं युनिट गच्चीवर सिमेंटच्या ओट्यावर, आतलं फॉल्स सीलिंगमध्ये आणि दोघांना जोडणारे तांब्याचे पाइप. इथे कॉम्प्रेसर, कॉइल, पंखा आणि हिवाळ्यासाठी गॅसचा बर्नर असं सगळं एकाच पेटीत असतं. ही पेटी छताला पाडलेल्या भोकावर बसते. तयार हवा तिच्या तळातून सरळ खाली डक्टमध्ये उतरते आणि दुकानातली हवा शेजारच्या दुसऱ्या तोंडातून, म्हणजे रिटर्नमधून, वर येते. त्या भोकाभोवती गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, बहुतेक वेळा 14 इंच उंचीची जी चौकट उभी करतात, तो कर्ब. युनिटचं वजन तोच छताच्या लोखंडावर उतरवतो, पाऊस आणि बर्फाचं पाणी तोच अडवतो आणि जाणारी-येणारी हवा वेगळीही तोच ठेवतो.

सप्लायरचं म्हणणं होतं की टनेज, म्हणजे थंड करण्याची क्षमता, तेच आहे, त्यामुळे नवीन युनिट जुन्या कर्बवर बसेल. ऑर्डर जाण्याआधी मी टेप घेऊन छतावर गेलो, मग शिडी लावून सीलिंगच्या वर डोकं घालून दोन्ही तोंडांची मापं घेतली. किराणा दुकानावरचं 10 टनांचं नवीन युनिट जुन्या कर्बपेक्षा लांब निघालं आणि रिटर्नचं तोंड अर्धं पत्र्यावर येत होतं. अशा वेळी कर्ब अ‍ॅडॉप्टर मिळतो: खालून जुन्या कर्बवर बसणारी, वरून नव्या युनिटला घेणारी पेटी. छताला हात लावावा लागत नाही, म्हणून मालकाला तो आवडतो. पण टनाला साधारण 400 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरले तर 10 टनांना 4,000 सीएफएम हवा लागते. एवढी हवा बुटक्या पेटीत आडवी वळवली की पंख्यावर दाब वाढतो आणि दुकानाच्या टोकाला हवा पोचत नाही. बाकीच्या ठिकाणी तोंडं थोडीच सरकलेली होती, तिथे अ‍ॅडॉप्टर चालवून घेतले. किराणा दुकानासाठी मात्र नवीन कर्बचा आग्रह धरला. मालक खर्चावरून नाराज झाले, पण सीलिंग उघडून दोन्ही तोंडं दाखवल्यावर तयार झाले.

नवीन कर्ब म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी, कारण हजार पौंडांवरचं युनिट जॉइस्टवर, म्हणजे छताखालच्या तुळयांवर, येणार आणि वर बर्फाचं ओझं. छताची वॉरंटी टिकवायची तर मेम्ब्रेन (छतावरचं पाणी अडवणारं आवरण) कर्बच्या अंगावर चढवून सील करायला मान्यताप्राप्त रूफरच लागतो. कर्ब सुट्या पट्ट्यांमध्ये येतो. जोडला की आधी दोन्ही कर्ण मापायचे. आमच्या कर्बच्या कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक आला; कोपऱ्यांचे बोल्ट सैल करून चौकट ढकलली आणि दोन्ही आकडे जुळल्यावरच आवळली. त्यानंतर लेव्हल. ही छतं सपाट दिसतात, पण पाणी वाहून जावं म्हणून फुटाला पाव इंच उतार दिलेला असतो. त्या उतारावर कर्ब तसाच ठेवला तर युनिट कलतं आणि ट्रेमधलं पाणी निचऱ्याच्या उलट बाजूला साचतं. शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालून घालून लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला.

सगळ्यात जास्त वेळ मी गास्केटला दिला. फोमची पट्टी कर्बच्या चारी कडांवर लावतात, पण मधल्या आडव्या पट्टीवरही ती लागते. तिथे फट राहिली तर तयार हवा खाली न उतरता थेट रिटर्नमध्ये घुसते. मशीन दिवसभर चालतं आणि दुकान थंड होत नाही. एकदा युनिट बसलं की ती फट कोणाला दिसणारही नाही. कोपऱ्यात पट्ट्यांची टोकं एकमेकांना भिडली आहेत ना, हे मी बोट फिरवून पाहिलं.

क्रेन रविवारी पहाटे आली. जुन्या युनिटांमधला थंड करणारा गॅस (रेफ्रिजरंट) आदल्या दिवशीच सिलिंडरमध्ये काढून घेतला होता, कारण तो हवेत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. विजेच्या तारांपासूनचं अंतर मोजलं, खालची दुकानं रिकामी केली. युनिट स्प्रेडर बारवर, म्हणजे उचलायच्या पट्ट्या लांब ठेवणाऱ्या आडव्या दांड्यावर, लटकवलं, म्हणजे पट्ट्यांनी पत्रा चेपत नाही. शेवटच्या हातभर अंतरात आमचा फोरमन हात खाली करून बोटाने बारीक गोल काढत होता, आणि दोघं दोरीने टोकं धरून होते. कर्बच्या कडेवर कोणाचीही बोटं नाहीत याची खात्री झाल्यावरच त्याने शेवटची खूण केली. गास्केट सगळीकडून सारखं दबलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुढचं काम नेहमीचं: गॅसच्या पाइपला ड्रिप लेग (कचरा-ओल साचायला खाली सोडलेला तुकडा), निचऱ्याला ट्रॅप (पाणी धरून ठेवणारं पाइपचं वळण), रिटर्नमध्ये स्मोक डिटेक्टर. नव्या युनिटांत आर-454बी हा रेफ्रिजरंट आहे, तो थोडासा ज्वलनशील असल्याने कंपनीची पुस्तिका सगळ्यांना वाचायला लावली. सुरू करताना एका युनिटचा स्क्रोल कॉम्प्रेसर खरखरला आणि सक्शनचा (कॉम्प्रेसर ओढून घेतो त्या बाजूचा) दाब उतरेना, म्हणजे विजेच्या फेजचा क्रम उलटा, कॉम्प्रेसर उलटा फिरतोय. मेन बंद करून दोन वायरींची अदलाबदल केली, आवाज गेला.

इन्स्पेक्टरने किराणा दुकानाचं काम पास केलं. दातांच्या दवाखान्यावरच्या युनिटची ऑर्डर आता जायची आहे, आणि या वेळी मालकांनी आपणहून फोन करून विचारलं, "कर्बचं माप घेतलं का?"