धोंड्या, भादव्या आणि एक तसबीर

आम्ही नववीत असताना एका रविवारी टीव्हीवर 'संगीत संशयकल्लोळ' हे नवरा-बायकोच्या संशयावरचं विनोदी नाटक लागलं. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापुरात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरी. अँटेना कौलांवर, आणि वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. एक जण वर चढायचा, दुसरा दारातून ओरडायचा, "आलं, आलं! खरं आवाज गेला!" (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. हे पुण्या-मुंबईला गेलेल्या वर्गमित्रांसाठी, विसरले असतील तर.) कुणाकडं चित्र होतं तर पदं ऐकू येईनात, कुणाच्या गल्लीत ऐन रंगात करंट गेला. थोडक्यात, अख्खं नाटक वर्गात कुणीच पाहिलं नव्हतं.

तरी सोमवारी भांडण जुंपलंच. मी पाहिला तो चक्कर आलेल्या नायिकेला, रेवतीला सावरणारा फाल्गुनराव. मला तो देवमाणूस वाटला. शेजारच्या बाकावरच्यानं पाहिला तो बायकोच्या, म्हणजे कृत्तिकेच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून पिसाळलेला. मुली सगळ्या रेवतीच्या बाजूच्या, आणि 'मजवरी तयांचे प्रेम खरे'पुढं त्यांना दुसरं पद चालेना. मी 'कर हा करी धरिला'वाला. व्हरांड्यात तान घेतली तर सातवीच्या वर्गातून खडू आला. घरी कन्नड बोलणारा आमचा एक दोस्त म्हणाला, "पदं राहू द्या की रे, भादव्याच भारी." फाल्गुनरावाच्या ह्या नोकराबद्दल मात्र दुमत झालं नाही.

मराठीच्या सरांनी दाराआड उभं राहून सगळं ऐकलं होतं. व्याकरण बाजूला ठेवून त्यांनी तासभर नाटकच शिकवलं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात ते मास्तर होते आणि गोविंद बल्लाळ देवल त्यांचे विद्यार्थी. देवलांनी १८९३ साली हे नाटक गद्यात लिहिलं, पदांसह ते गंधर्व मंडळींनी १९१६ साली रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. मग सर म्हणाले, "पात्रांची नावं बघा. फाल्गुन, आश्विन, भाद्रपद हे महिने. रेवती, कृत्तिका ही नक्षत्रं." झालं! मधल्या सुट्टीत ज्याच्या त्याच्या जन्माचा मराठी महिना शोधून बारशी उरकली. मी ज्येष्ठातला, म्हणून जेठ्या. एक जण अधिकातला निघाला, त्याचा धोंड्या झाला. आज तो दोन नातवंडांचा आजोबा आहे, फोनमध्ये मात्र अजून 'धोंड्या'च.

त्या साली स्नेहसंमेलनात तसबिरीचा प्रवेश बसवला. धोंड्या भादव्या झाला. माझं गाणं ऐकलेलं असल्यानं सरांनी मला सामानावर नेमलं. काम एकच: रेवतीच्या प्रियकराची, आश्विनशेठची तसबीर आणणं. ती मी साफ विसरलो. पडदा उघडायला दहा मिनिटं असताना सायकल हाणत घरी गेलो, भिंतीवरचा वडिलांचा फेटा बांधलेला फोटो खिळ्यावरून काढला आणि दहावीतल्या कृत्तिकेच्या हातात दिला.

तिनं तो प्रेक्षकांकडं धरून, मान वेळावून असं काही कौतुक केलं की मागून कुणीतरी ओरडलं, "अगा, हे तर आमचे मास्तर!" वडील शेजारच्या गावच्या शाळेत शिकवायचे आणि त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसले होते. फाल्गुनरावाची पुढची चार वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत.

रात्री जेवताना आई बराच वेळ गप्प होती. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "ती पोरगी कुणाची रे? आणि ह्यांचा फोटो तिच्याकडं कसा?"