वर वीतभर माती

मेथी निवडून झाली की ताटात काड्या उरतात, शेजारी दुधीची सालं, चहाचा चोथा, कोथिंबिरीची मुळं. अंगणात दोन हात मोकळी जमीन असेल, तर हे पुरून खत करायला छिद्रांचे डबे नकोत की कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं. एक कुदळ पुरते.

खड्डा फूटभर खोल खणायचा. तळाशी चार बोटं ओला कचरा, त्यावर ओंजळभर सुका पाला, दोन मुठी माती, आणि हे सगळं खुरप्याने कालवायचं. कालवणं टाळलं की पालेभाजीचा चिकट लगदा होतो, त्यात हवा शिरत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मग वर वीतभर माती. इथे कंजूषी केली, तर रात्री घूस आणि पहाटे कुत्रं येऊन हिशेब चुकता करतं. कोळंबीची सालं खत म्हणून उत्तम, पण त्यांना हा खड्डा उथळच. तेलकट उरलंसुरलं तर नकोच.

खड्डा झाडाच्या बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर हवा. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. सुका पाला जास्त पडला, तर ते आसपासच्या मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. लोक मग त्याला आणखी पाणी घालतात, बिचारं! त्या जागेवर दोन महिने काही लावू नये. पुढचा खड्डा शेजारी, आणि भरलेल्यावर एक काठी रोवलेली बरी, नाहीतर अर्धवट कुजलेलंच पुन्हा उकरलं जातं.

उन्हाळ्यात माती कोरडी पडली की काम थांबतं; अधूनमधून तांब्याभर पाणी शिंपडावं. पावसाळ्यात उलट. काळ्या जमिनीत खड्ड्याचं डबकं होतं, म्हणून उघडीप पाहूनच खणावं.

मर रोगाने गेलेली टोमॅटोची झाडं पुरू नयेत, रोग मातीत मुक्काम करतो. आंब्याची कोय मात्र कुजण्याऐवजी उगवते. भोपळ्याच्या बियाही तशाच. आणि हा आगंतुक वेल मुद्दाम लावलेल्यापेक्षा जोमाने फोफावतो, हे जरा अपमानास्पदच.

दोन-तीन महिन्यांनी उकरलं की सालं ओळखू येत नाहीत, गांडुळं वळवळतात, पहिल्या पावसासारखा वास येतो. सापडतात ते अंड्याच्या टरफलांचे तुकडे, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचं जसंच्या तसं स्टिकर, आणि कधीकधी घरभर शोधून झालेला चमचा.