छाती साफ झाली, पण जमिनीवरून उठता येईना

फाईल जाडजूड होती आणि तिच्यातलं शेवटचं पान कुणालाही आनंद व्हावा असं होतं. छातीचा एक्स-रे जवळपास स्वच्छ. स्पायरोमेट्रीत फुंकून बाहेर काढलेली हवा वय-उंचीला अपेक्षित असते तिच्या ८२ टक्के. बसल्या जागी ऑक्सिजन ९७. खाली शेरा होता, 'फुफ्फुसं बरी. नेहमीची कामं करू शकतात.' हे पान घेऊन सिंधुदुर्गातले ४६ वर्षांचे एक शेतकरी, बायको आणि मुलीसोबत, जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या फिजिओथेरपी विभागात आले आणि म्हणाले, "मॅडम, फुफ्फुसा बरी झाली म्हणतत, मगे माका उठाक कित्याक जमना नाय?"

याचं उत्तर सापडेपर्यंत दुपार टळून गेली.

ऑगस्टमध्ये, भातातलं तण काढायच्या, बेणणीच्या दिवसांत, त्यांना ताप आला. पोटऱ्यांना हात लावू देईनात, डोळे लाल, आणि पाचव्या दिवशी थुंकीतून रक्त. लेप्टोनं, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसनं, फुफ्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्यातून एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं सुजून पाण्यानं भरतात आणि रक्ताला ऑक्सिजन पुरत नाही ती अवस्था. रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हा आकडा १००च्या खाली असेल तर आजार तीव्र समजतात. काकांचा, आम्ही त्या शेतकऱ्यांना काकाच म्हणतो, होता ८४. रोज १६ तास पालथं झोपवलं, अकराव्या दिवशी ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी, एकूण १९ दिवस व्हेंटिलेटर. आत जाताना वजन ६२ किलो, बाहेर आले तेव्हा ५०. इतकं होऊन माणूस वाचला, यात आयसीयूतल्या सगळ्यांचे कष्ट आहेत. मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल.

घरी अजून भाड्याचं ऑक्सिजन मशीन चालू होतं. रात्रभर नळी नाकात आणि दिवसातून वीसदा बोटाला ऑक्सिमीटर. म्हणून पहिलं काम म्हणजे नळी काढून अर्धा तास साध्या हवेत बसवणं. ऑक्सिजन ९६-९७. गळ्याला स्टेथोस्कोप लावून जोरात श्वास घ्यायला सांगितलं. व्हेंटिलेटरच्या नळीचा फुगा श्वासनलिकेला दाबून राहिला असेल, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तिथे व्रण आवळतो, शिट्टीसारखा आवाज येतो आणि कित्येकांना दमा समजून पंप सुरू होतात. आवाज नव्हता, स्पायरोमेट्रीचा आलेखही वर-खाली दोन्हीकडे चपटा झालेला नव्हता. म्हणजे वाट मोकळी होती.

मग सहा मिनिटांची चाल. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन टोकांना शंकू, मध्ये एक खुर्ची. शर्यत लावायची नाही, बाजूने चालत गप्पा मारायच्या नाहीत, उत्तेजनही ठरलेल्या वाक्यांतच द्यायचं. नाहीतर पुढच्या वेळच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. काका ३४८ मीटर चालले. त्यांच्या बांध्याचा निरोगी माणूस साडेपाचशेच्या पुढे जातो. ऑक्सिजन ९३च्या खाली गेला नाही, नाडी मात्र ८८वरून १३४. चाल संपल्या संपल्या विचारायचा प्रश्न एकच असतो, कशामुळे थांबावंसं वाटलं, दम की पाय? शून्य ते दहाच्या पट्टीवर त्यांनी दमाला ३ दिले आणि पायांना ७.

इथे बरीच कुटुंबं गोंधळतात. दम लागतो म्हणजे फुफ्फुसच, अशी समजूत पक्की असते. पण मांडीचा स्नायू आटला असेल तर तो थोड्या कामातच थकतो, नाडी धावते, श्वास वाढतो आणि बोटावरचा आकडा ९५ राहूनही माणूस धापा टाकतो. अशा माणसाला ऑक्सिजन देऊन काही मिळत नाही. उलट नळी जेवढी लांब तेवढंच त्याचं जग उरतं, आणि पाय आणखी आटतात.

टोरांटोमध्ये मार्गारेट हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष २००३ आणि २०११ साली प्रसिद्ध झाले. आयसीयूतून बाहेर पडताना या लोकांनी सरासरी १८ टक्के वजन गमावलं होतं. सहा मिनिटांची चाल तीन महिन्यांनी २८१ मीटर, सहा महिन्यांनी ३९६, वर्षाने ४२२ आणि पाच वर्षांनी ४३६. फुफ्फुसांची क्षमता मात्र जवळपास पूर्ववत झाली होती. वर्षाच्या शेवटी निम्मेच लोक कामावर परतले होते. काकांचे आकडे याच वाटेवरचे होते, हे मी त्यांच्या मुलीला कागदावर काढून दाखवलं. तोवर तिला वाटत होतं, बाबा मनानेच खचलेत.

पण ३४८ मीटरनं जमिनीवरून न उठता येण्याचं कारण कळत नव्हतं. ते दोन ठिकाणी सापडलं.

पहिलं ठिकाण दाराशी होतं. चपलांच्या जोडीतली डावी चप्पल पुढच्या टोकाला झिजून पातळ झाली होती. काकी म्हणाल्या, ती सारखी पायातून निसटते. स्नायूंची ताकद मोजताना दोन्ही बाजूंच्या सहा-सहा हालचालींना पाचपैकी गुण देतात, एकूण ६०, आणि ४८च्या खाली गेलं तर आयसीयूमुळे आलेला अशक्तपणा म्हणतात. काकांचे ५१ आले, म्हणजे कागदावर उत्तीर्ण. पण त्यातच डाव्या पावलाला वर उचलायला पाचपैकी दोनच होते. बेरजेत हे हरवतं, म्हणून मी प्रत्येक रकाना वेगळा लिहिते. पाऊल बाहेर वळवायची ताकद गेलेली, आत वळवायची शाबूत. त्यामुळे दुखणं कमरेच्या मणक्यातलं नसावं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टोक लागतं, त्याच्या मागे हलकं टिचकवलं तर पावलाच्या पाठीपर्यंत झिणझिण्या. तिथे नस कातडीखालीच असते. बेशुद्ध माणसाचा पाय दिवसेंदिवस बाहेर कलंडलेला राहिला आणि चरबी-मांस उतरलं, की ती हाड आणि गादी यांच्यात दबते. पायाच्या बाजूला गुंडाळलेली चादर ठेवून पाय सरळ राखला, तर हे बरंच टळतं.

दुसरं ठिकाण शोधायला चटई अंथरली. पाश्चात्त्य चाचण्या खुर्चीभोवती फिरतात. आपल्याकडे माणसाला जेवायला मांडी घालायची असते, परसाकडे उकिडवं बसायचं असतं, कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून तरवा (भाताची रोपं) लावायचा असतो. त्यामुळे जमिनीवर बसवून उठवल्याशिवाय माझी तपासणी पूर्ण होत नाही. काकांना उकिडवं बसताच येईना. उताणं झोपवून डावी मांडी पोटाकडे आणली तर ८५ अंशांवर थांबली. स्नायू आखडला असेल तर शेवटी थोडा ताण देत सुटत जातो. इथे थेट हाडावर हाड आपटल्यासारखं अडलं. छातीचे एक्स-रे ढीगभर होते, कंबरेखालचा एकही नव्हता. आमच्या डॉक्टरांनी लगेच खुब्याचा काढायला सांगितला, आणि त्यात सांध्याच्या पुढे नव्या हाडाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. दीर्घ काळ निपचित पडलेल्या काहींना खुब्याभोवती किंवा कोपराभोवती असं जादा हाड बनतं. टोरांटोच्या त्या रुग्णांतही काहींना ते होतं. अशा सांध्याला जोर लावून ताणलं तर इजा वाढण्याची भीती असते, आणि काकांना घरी एकजण रोज पाय दाबून ताणत होता. ते त्याच क्षणी बंद केलं.

रात्रीबद्दल काका स्वतःहून बोलले नसते. काकींनी सांगितलं की दोनच्या सुमाराला ते दचकून उठतात, तोंड पाण्यात दाबून धरल्यासारखं ओरडतात. पालथं झोपवलेलं असताना, गुंगीच्या औषधांत, त्यांच्या मनानं तेच चित्र धरून ठेवलं होतं. आम्ही त्यांना क्रमानं सांगितलं की पालथं का केलं, कितीजण लागतात, नळी कोण धरतं, तोंड एका बाजूला कसं ठेवतात. ऐकताना त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे कोण मारूक नाय होता?" त्यांना मानसोपचाराच्या ओपीडीतही पाठवलं. काकी पाच महिने बसल्या-बसल्या झोपत होत्या, मुलीनं कॉलेजचं वर्ष सोडलं होतं. काकींचं रक्तदाबाचं कार्ड त्याच दिवशी काढून घेतलं.

त्या दुपारी ठरलेला बेत असा होता. ऑक्सिजन दिवसा बंद, रात्री झोपेत आकडा ८८च्या खाली जात नाही हे पाहून मशीन परत. डाव्या पावलाला वर ओढून धरणारा पट्टा. प्लॅस्टिकचा स्प्लिंट चिखलात आणि चपलेत टिकत नाही, तो फक्त रात्री. नसेची तपासणी आणि फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो ती डीएलसीओ तपासणी, दोन्ही कोल्हापूरला. घरात कमोडची खुर्ची. उंच स्टुलावरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-आठचे तीन फेरे, एक दिवस आड. पंधरा दिवसांनी स्टूल चार बोटं बुटकं, पण डावा खुबा अडेल त्याच्या वरच थांबायचं. चालणं तीन मिनिटं, विसावा एक मिनिट, असं पाच वेळा. वजन तोवर ५४वर आलं होतं, त्या हिशोबानं प्रथिनं रोज ६५ ते ८० ग्रॅम. मूत्रपिंडाचे अहवाल ठीक असल्याची खात्री करून हा आकडा दिला, लेप्टोनंतर ते पाहावंच लागतं. पावडरीचे डबे आणू नका म्हटलं. दोन अंडी, दोन्ही वेळेला बांगडा किंवा सुकं, कुळथाची पिठी, दूध.

जमिनीवरून उठायची रीतही बदलली. आधी उजव्या कुशीवर, मग कोपरावर भार देत डावा गुडघा जमिनीला टेकवायचा, उजवं पाऊल पुढे रोवायचं, दोन्ही हात उजव्या मांडीवर दाबून वर यायचं. असं केलं की डावा खुबा फारसा दुमडावा लागत नाही आणि लुळं पाऊल मागेच राहतं. त्या दिवशी तिसऱ्या खेपेला ते खांब न धरता उठले. काकी रडल्या. मला तो एक्स-रे स्वच्छ झाल्यापेक्षा मोठा निकाल वाटतो, आणि असे निकाल डिस्चार्ज कार्डावर लिहिले जावेत यासाठी मी भांडत असते.

जूनमध्ये चाल ४३० मीटर होती, पावलाची ताकद दोनवरून तीन. दबलेली नस तुटली असेल तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून तिला वर्षभर तरी वेळ द्यायचा आहे. खुब्यातलं जादा हाड अजून पक्कं होतं आहे. ते स्थिर झाल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार, असं हाडांच्या डॉक्टरांचं मत आहे. लावणी यंदा भावकीनं केली. काकांना काजूची कलमं बांधता येतात, तेव्हा कंबरेइतक्या उंचीच्या फळीवर ते वेंगुर्ला-४ या जातीची कलमं बांधतात आणि रोपवाटिकेला देतात. काकांना नि कुणग्यात उतरणाऱ्या घरातल्या इतरांना आरोग्य केंद्रातून लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मिळतं, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, कारण एकदा लेप्टो झाला म्हणजे दुसऱ्या जातीच्या जंतूपासून संरक्षण मिळतंच असं नाही. खुब्याचा पुढचा एक्स-रे गणपतीनंतर आहे.